फांदी हद्दीपलीकडं गेली की जबाबदारी कुणाची?

कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या भागांत जुन्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहत आहेत. भोवती मोकळं आवार होतं तोवर शेजारचा आंबा कुणाला नडत नव्हता. आता तोच दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरतो, सोलरवर सावली धरतो. पेठांत तर घराला घर लागून, परड्यातला शेवगा शेजारच्या पत्र्यावर जाणारच. वळवाचं एक वारं सुटलं की पन्हळी पाल्यानं तुंबतात आणि तोंडं सुरू होतात.

या भांडणांत माझं मत ठाम आहे. झाड ज्याचं, फांदी आवरायचं काम त्याचं. शेजाऱ्यानं येऊन सांगायची वाट का बघायची? सावली आपल्याला, फळं आपल्याला, 'दारात आंबा आहे' हे कौतुक आपल्याला आणि पाला झाडायचा शेजारच्या काकूंनी, हे मला पटत नाही. झाडांवर माया असणाऱ्यांनी तर हे जास्त मनावर घ्यावं. त्रास साठत गेला की राग फांदीवर थांबत नाही, बुंध्यापर्यंत जातो.

आमच्या गल्लीतलं जांभूळ असंच गेलं. फांदी शेजारच्या कौलांवर टेकत होती, एवढीच तक्रार. आधी बोलाचाली, मग सिटी सर्व्हेची मोजणी, मग वकिलाची नोटीस. शेवटी वैतागून मालकानं परवानगी काढली आणि अख्खं झाडच उतरवलं. तक्रार करणाऱ्यांनाही ते नको होतं. त्यांना कौलं वाचवायची होती. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

आता हक्काचं. दिवाणी कायद्यातलं जुनं तत्त्व असं की आपल्या हद्दीवर आलेल्या फांद्या आपल्या जागेत उभं राहून छाटता येतात, पलीकडं पाय ठेवता येत नाही. वीस वर्षं बिनतक्रार येणाऱ्या उजेडावाऱ्यावर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं हक्क सांगता येतो. फांदी मात्र कितीही वर्षं दुसऱ्याच्या जागेवर राहिली तरी तसा हक्क होत नाही. छाटलेलं लाकूड आणि त्यावरची फळं झाडाच्या मालकाचीच.

पण हे वाचून लगेच कोयता काढू नका. शहरात झाडांचं संरक्षण व जतन करणारा 1975 चा राज्याचा कायदा लागू आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसता बुंधा आडवा करणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं आलं. गुपचूप बुंध्याची गोल साल काढणारे, भोक पाडून औषध ओतणारे गुन्हाच करत असतात. झाड स्वतःच्या आवारात आहे म्हणून सुटका नाही. तेव्हा आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. हद्दीबाहेरच्या गावांत 1964 चा वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ येतात. आणि फांदी तारेला टेकत असेल तर महावितरणला कळवा, स्वतः शिडी लावू नका.

छाटायची कशी, हे तर कुणी बघतच नाही. मिळेल तो माणूस आणायचा आणि 'कंपाऊंडच्या रेषेत मार सरळ' म्हणायचं. झाड एका अंगानं बोडकं झालं की सगळा भार दुसऱ्या अंगाला जातो. मध्येच तोडलेल्या फांदीचा खुंट कुजतो, त्यात पाणी मुरतं, कीड शिरते, आणि त्या खुंटातून फुटणारे धुमारे कच्चे असतात. पुढच्या वळवात तेच मोडून पडतात. फांदी खोडातून निघते तिथं फुगीर कडं असतं. ते न दुखावता त्याच्या लगत बाहेरून कापलं की झाड हळूहळू ती जखम झाकून घेतं. फांदी जाड असेल तर आधी खालून खाच घ्यावी, मग थोडं पुढं वरून कापावं, नाहीतर ती आपल्याच वजनानं खोडाची साल सोलत खाली येते. आंबा फळं उतरल्यावर छाटावा, मोहोराच्या तोंडावर नाही. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, तो दरवर्षी शेंगा संपल्या की उतरवायलाच हवा. फुटतो पुन्हा, आणि शेंगाही हाताला येतात.

"आण्णा, फांदी पत्र्यावर आलीया, तेवढी उतरवून घेताय न्हवं?" एवढं विचारायला मोजणी लागत नाही. मजुरी मालकानं द्यावी, शेजाऱ्यानं आपल्या बाजूनं शिडी लावू द्यावी. आणि आंबे उतरले की पहिली पाटी पलीकडं जावी. ज्याच्या अंगणात पाला पडतो, त्याचा तो मान आहे.

पावसाच्या आधी छाटणी उरकणार असाल तर वर चढायच्या आधी घरटी बघा, हे दिवस कावळ्या-बुलबुलांच्या पिल्लांचे आहेत. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत तेवढी फांदी राहू द्या आणि का ठेवली ते शेजाऱ्यांना सांगा. उद्यान विभागाचा अर्ज लिहायला कुणाला मदत हवी असेल तर मेसेज करा, मी लिहून देतो.