गेटचा हिरवा

गाडीच्या चाकाला रंग मारायला अर्धा दिवस पुरतो. तो काढायला मात्र स्वभाव लागतो. शिवाय मारणाऱ्याचं कौतुक होतं. काढणाऱ्यापाशी लोक थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि विचारतात, "का काढालैस? चांगला होता की!"

कोल्हापुरात हा प्रकार जरा जास्तच. इथं रस्त्याकडेला नुसतं बॉनेट उघडलं तरी चार माणसं जमतात. त्यातला एक उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला असतो, दुसऱ्याचा मेहुणा शिरोलीत फौंड्रीत असतो, तिसरा जन्मजात मिस्त्री असतो आणि चौथ्याला त्यातलं काहीच कळत नसल्यामुळं बोलायला तोच मोकळा असतो. आम्ही राहतो पेठेत, म्हणजे बॉनेट न उघडताही जमतात.

गाडी म्हणजे मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात ती देशात आली आणि २०१४ साली कंपनीनं ती बनवायची थांबवली. आमच्या आण्णांना हा निर्णय अजून मान्य नाही. "तिला काय धाड भरलीया?" हे गाडीबद्दलचं त्यांचं कायमचं मत. धाड भरली होती ती पुढच्या डाव्या चाकाला. रात्री हवा भरून ठेवायची आणि सकाळी चाक बसलेलं. पंक्चरवाल्यानं चाक टाकीत बुडवलं, फिरवलं, आणि बुडबुडे आले ते टायर न् तो जिच्यावर चढवतात त्या लोखंडी डिस्कच्या मधून.

"टायर बरा हाय. डिस्क बघा."

टायर जिथं डिस्कला घट्ट टेकतो त्या कडेला रंगाचे पोपडे उठले होते आणि त्यांच्या फटीतून हवा निवांत बाहेर चालली होती. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं एक पोपडा उचकटला, तो हातात धरून कडेनं बघितला आणि म्हणाला, "किती कलर मारलाय ओ? पत्रा कमी न् कलरच जास्त हाय." मग त्यानं नट बसतात ती भोकं दाखवली. तिथंही तेच. नटाखाली रंगाचा जाड थर असला की नट कितीही आवळा, थर चेपला, झिजला की नट आपोआप सैल. एवढं ऐकल्यावर मी गप्प बसलो. हवा गेली तर पंप आहे. पण पन्हाळ्याच्या उतारावर आपलंच चाक आपल्या पुढं पळताना बघायची माझी तयारी नव्हती.

पाचही डिस्क, स्टेपनीसकट, मोकळ्या करून अंगणात आणून मांडल्या. १२ इंची त्या, बघायला अगदीच किरकोळ. आई म्हणाली, "एवढंसं तर हाय. चहापर्यंत हुईल. मी जरा अंबाबाईला जाऊन येतो." ती परत आली तेव्हा मी सल्ले ऐकत होतो.

पहिला सल्ला फौंड्रीतल्या मित्राचा. "भावा, हातानं काय घासत बसतोस? आमच्या शॉटब्लास्टिंगला टाकूया. कास्टिंगची जळलेली वाळू निघतीय, तुझा कलर म्हणजे काय!" सल्ला सोळा आणे खरा होता. त्या मशीनमध्ये पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत लोखंड जन्मलं तसं बाहेर येतं. अडचण एवढीच की मशीन कंपनीचं, आणि कंपनीत साहेब. "साहेब रजेवर गेले की लगेच टाकू," असं तो म्हणाला. साहेबांच्या तब्येतीला मी मनापासून शुभेच्छा देतो, पण ते रजाच घेत नाहीत.

दुसरा सल्ला शेजारच्या काकांचा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायच्या. "आणि माझी अलॉय पण त्यातच टाक, ती पण जरा कळकटल्यात." लोखंडाला कॉस्टिक चालतं, रंग सुटतो. अलॉयची चाकं म्हणजे मात्र मुख्यतः ॲल्युमिनियम, आणि त्याला कॉस्टिक खातं, रंगाबरोबर धातूही फस्त. हे काकांना समजावून सांगावं म्हणून त्यांच्या गाडीपाशी गेलो आणि चाकाला सहज टिचकी मारली. आवाज आला तो प्लॅस्टिकच्या डब्याचा. चार व्हीलकॅप, म्हणजे चाकावरची नुसती झाकणं, केबल टायनं आवळून बांधलेली. काका बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कॉस्टिकचं काय भ्या न्हाई."

मी लक्ष्मीपुरीत गेलो आणि पेंट रिमूव्हर आणला. दुकानदारानं डबा देताना तीन गोष्टी सांगितल्या. उघड्यावर लाव, जाड लाव, आणि "हाताला लागलं की कळतंय तुला." कळलं. वाळूचा कण जेवढा, तेवढा एक थेंब मनगटावर उडाला आणि मी अंगणातल्या नळापर्यंत असा पळालो की शाहू स्टेडियमवर कुणी पळालं नसेल. साधे रबरी हातमोजे त्या औषधात फुगून लोळागोळा होतात, तेव्हा जाड, केमिकलचे घ्यावे लागतात. आणि बंद खोलीत हे काम चुकूनही करू नये. त्यातल्या डायक्लोरोमिथेनची वाफ गोड वासाची असते, पण माणूस आडवा करते. ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी उन्हात डिस्क ठेवली तर औषध रंगाशी भांडण्याऐवजी सरळ आभाळाची वाट धरतं. सावलीत ठेवायचं, वर प्लॅस्टिकचा कागद झाकायचा आणि वाट बघायची.

वाट बघण्याचं फळ मात्र बघण्यासारखं असतं. पाचेक मिनिटं काहीच होत नाही. मग कडेला एक सुरकुती उठते. तिच्या शेजारी दुसरी. बघता बघता सगळा पृष्ठभाग आक्रसतो, फुगतो आणि पत्र्यापासून सुटून वर येतो. पत्ती लावली की लांबच्या लांब ओला पापुद्रा निघतो. हे बघताना मोठी माणसं खुर्च्या घेऊन बसतात. आमच्याकडं बसली.

आणि मग सुरू झालं उत्खनन. आमच्या कोल्हापूरला त्याची सवय आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात खोदलं, तेव्हा एकाखाली एक थर निघत गेले. खाली सातवाहनांचा काळ लागला, आणि तिथं मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन काशाची मूर्ती आजही टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. ग्रीकांचा देव पंचगंगेवर काय करत होता हा प्रश्न जेवढा अवघड, तेवढाच आमच्या डिस्कवर गोल्डन कुणी मारला हा.

गोल्डन सगळ्यात वरचा. त्याचा वारस लगेच पुढं आला, माझा भाचा. "मामा, लै भारी दिसत होतं ते. काटा किर्र!" त्याच्याखाली काळा. हा धाकट्या भावाच्या काळातला, स्प्रेच्या डब्यानं मारलेला. त्या काळात त्यानं काचांना काळी फिल्म लावली होती आणि पोलिसांनी ती रस्त्यावरच काढायला लावली होती. काळ्याखाली पिवळा निघाला तेव्हा मात्र कुणालाच आठवेना. भाऊ म्हणाला आण्णा, आण्णा म्हणाले भाऊ. शेवटी आईनं निकाल दिला. "त्याच्या टीमनं कप मारलावता त्या वर्षीचा हाय. तुमी दोघंबी होतासा. मी बघितलोय." तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच म्हटल्यावर विषय संपला. ज्या गावात फुटबॉलसाठी अख्खी पेठ रंगते, तिथं चार चाकं वाचणार कशी?

पिवळा गेला आणि हिरवा लागला.

हा हिरवा मी ओळखला. कोल्हापुरातल्या कुठल्याही घराच्या मुलानं ओळखला असता. गेटचा हिरवा, खिडकीच्या गजांचा हिरवा, गच्चीवरच्या टाकीच्या स्टँडचा हिरवा. आण्णांनी गेट रंगवलं, डबा उरला, आणि उरलेला डबा बघत बसणाऱ्यांतले आण्णा नव्हेत. रिमूव्हरचा एक हात झाला, दुसरा झाला. वरचे तिन्ही रंग रांगेनं उठून गेलेले. हिरव्यावर एक सुरकुती येईना. आण्णांनी खुर्ची पुढं ओढली.

"ऑइल पेंट हाय तो. आदी पत्रा घासून घेटलेला. तुमच्यागत धुळीवर स्प्रे न्हाई मारला." आणि ते खरं होतं. रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. पोराटोरांचे तिन्ही रंग चकचकीत पृष्ठभागावर तसेच चढवले होते म्हणून एका दमात सुटले. आण्णांनी घासून मग मारला होता, म्हणून त्यानं पत्र्याला मिठी मारली होती.

मग ड्रिलला वायरचा कप ब्रश लावला. हा ब्रश फिरायला लागला की तारा तुटून उडतात, म्हणून डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. त्या अवतारात मी दारात बसलेला असताना वाटसरू मला वेल्डर समजून भाव विचारून गेले. ब्रश पोचत नाही तिथं, म्हणजे नटांच्या भोकांत आणि आतल्या खोबणीत, ८० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून. ८० चे ओरखडे चंदेरी रंगाखालून सरळ दिसतात, तेव्हा त्यावर १२०, मग २२०. बोटांच्या टोकांची कातडी त्याच क्रमानं गुळगुळीत होत जाते. हिरव्याच्या खाली कंपनीचा चंदेरी होता, भट्टीत भाजलेला. तो जिथं घट्ट होता तिथं मी त्याला हात लावला नाही, नुसता घासून निस्तेज केला. पक्का धरलेला जुना थर उगाच खणून काढण्यात काही शहाणपण नाही. आण्णांचं म्हणणं हिरव्यालाही हाच नियम लावावा.

पाचवी डिस्क स्टेपनीची. तिला आजवर कुणीच रंग मारला नव्हता, कारण ती डिकीत असते आणि डिकीतलं लोकांना दिसत नाही. ती नुसती पुसली तर चकचकीत निघाली. भाचा म्हणाला, "ही कुठल्या गाडीची?"

तेवढ्यात जोतिबाच्या अंगाला ढग दाटले. वळवाचा पाऊस आणि उघडा पत्रा यांची गाठ पडली की रात्रीत तांबेरा चढतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून घासा. थिनरनं पुसून त्याच संध्याकाळी पत्र्याला रेडऑक्साइड प्रायमरचा पातळ हात दिला, नटांच्या बैठका आणि टायरच्या कडेला अगदीच नावापुरता. चंदेरी दुसऱ्या दिवशी मारायचा होता.

सकाळी पडवीत चार तांबड्या डिस्क रांगेनं उभ्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, हाच ठेवूया. नाद खुळा दिसतंय." काका म्हणाले, माझ्या अलॉयला पण मारून दे. आण्णांनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी प्रायमरचा डबा उचलला, कानापाशी नेऊन हलवून बघितला.

"अर्धा हाय अजून," ते म्हणाले, आणि गेटकडं बघायला लागले.