'जुनं म्हणून नवं खपवतात' या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. पण सोबत 'बनावट' लिहिलंत, म्हणून इथेच उत्तर देतो. तुम्ही आमच्याकडून खादीचं जाकीट, त्यावरचा काँग्रेसच्या जुन्या बैलजोडी चिन्हाचा बिल्ला आणि त्याच चिन्हाचं प्रचारपत्रक नेलंत. तुम्ही लिहिता, डांबरगोळ्यांचा वास येत होता म्हणून जाकीट घरी नेल्यानेल्या मशीनला लावलं. मग मित्राने नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरलं तर ते चकाकलं, म्हणजे कापड नवं. पत्रकावर छापखान्याचं नाव नाही, म्हणजे तेही खोटं. आणि मालकाला नक्की साल सांगता येत नाही.

साहेब, चकाकली ती पावडर. हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत कपडा शुभ्र दिसावा म्हणून एक रसायन घालतात. ते धाग्याला धरून बसतं आणि निळ्या दिव्याखाली उजळतं. दुकानात याच दिव्याखाली तुमच्यासमोर जाकीट धरलं होतं, तेव्हा ते मातकट दिसलं होतं. बिलावर 'धुवू नये' छापलंय ते उगीच नाही. वास घालवायला चार दिवस सावलीत वारा दिला असता तरी भागलं असतं.

छातीवरच्या ज्या डागाला तुम्ही 'खराब माल' म्हणता, तो बिल्ल्याच्या टाचणीच्या गंजाचा आहे. दोन बारीक भोकं आणि त्यांच्याभोवती तांबूस कडा. पावडरीने तो जात नाही, आजही असेल, बघा. बिल्ला बराच काळ तिथेच लावलेला होता, हे त्या डागावरूनच कळतं. काजंही हाताने केलेली आहेत. हा डाग नसता तर मी जाकीट निम्म्या भावात दिलं असतं.

आता पत्रक. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता सक्तीचा करणारं कलम लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलं 1961 साली. त्यामुळे नाव नाही म्हणून पत्रक खोटं ठरत नाही, उलट ते त्याआधीचं असण्याकडे कल जातो. तेवढ्यावर मी खात्री देत नाही, नियम मोडणारे तेव्हाही होतेच. पण पत्रक उलटं करून पाठीवरून बोट फिरवा. खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, दाब हाताला लागतो. आजच्या ऑफसेटच्या छपाईत तो लागत नाही.

राहिलं साल. बैलजोडी हे काँग्रेसचं चिन्ह पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून 1967 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत. पक्ष फुटल्यावर 1971 ला इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे गाय-वासरू आलं, आणि पंजा 1978 पासूनचा. म्हणून चिठ्ठीवर '1967 किंवा त्याआधी' एवढंच लिहिलंय. तिथे '1952, पहिली निवडणूक' लिहून दुप्पट पैसे मागता आले असते. कोल्हापुरात तर गिऱ्हाईक 1957 चं संयुक्त महाराष्ट्र समितीचं काही आहे का, हेच आधी विचारतं. साल ठोकून दिलं तर माल चटकन जातो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

नव्याने छापलेली पत्रकं आम्हीही विकतो, पण ती वेगळ्या कपाटात, मागे छपाईचं साल टाकून. अमेरिकेत निवडणुकीच्या बिल्ल्यांच्या नकलांवर साल टाकणं 1973 च्या कायद्याने सक्तीचं आहे. तिथे हा छंद मोठा, नकलाही तशाच. आपल्याकडे तसं कुणी विचारत नाही, तरी आम्ही टाकतो.

पत्रक आहे तसं आणा, बिल दाखवा, पैसे परत देतो. धुतलेलं जाकीट परत घेता येणार नाही, ते बिलावर आहे. आणि बिल्ला अजून चिंच लावून घासला नसेल, तर कृपा करून घासू नका. वरचा रंग निघाला की खाली नुसता पत्रा उरतो.

— दुकानमालक