आवाज फाटलाच पाहिजे, भावा

तुम्ही डीजे आहात. कंट्रोलर हप्त्यावर घेतलाय, नावापुढे 'सांगली' लावलंय, पोस्टरवर गॉगल आहे आणि मागे ज्वाळा आहेत. आता नॉनस्टॉप मिक्स लॅपटॉपवर रेकॉर्ड करून गणपतीच्या आधी सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर टाकला की झालं. तो बिघडतोच, पण अंदाजपंचे बिघडतो. पद्धतशीर बिघडवायचा तर थोडं मार्गदर्शन लागतं.

सुरुवात वायरीपासून. मिक्सरच्या मागे मास्टर (मोठ्या स्पीकरसाठी), बूथ (डीजेच्या जवळच्या स्पीकरसाठी) आणि रेक असे आऊट, म्हणजे आवाज बाहेर काढायची भोकं असतात. रेक आऊट रेकॉर्डिंगसाठीच दिलेला असतो आणि बहुतेक मिक्सरवर मास्टरची नॉब कितीही फिरवली तरी त्याची लेव्हल हलत नाही. म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका ओरडले म्हणून तुम्ही आवाज बारीक केलात, तरी रेकॉर्डिंग आपलं जसंच्या तसं. असल्या सोयीच्या वाटेला जाऊ नका. मास्टरमधूनच घ्या. काका किती वेळा वर आले हे मिक्स ऐकणाऱ्यालाही कळायला नको का?

दुसरं टोक लॅपटॉपच्या त्या एकुलत्या एक भोकात खुपसा. ते हेडफोन आणि माइकचं आहे. माइककडून काही मिलिव्होल्ट येतील असं गृहीत धरून आत अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, आणि मिक्सरमधून निघणारा तगडा सिग्नल, म्हणजे लाइन लेव्हल, त्याच्या शंभरपटीच्या घरात जातो. उसाला पाणी पाजणारी मोटर तुळशीच्या कुंडीला जोडल्यासारखं हे काम आहे. आवाज फाटणार याची हमी इथंच मिळते. वर तो माइक मोनो असतो, म्हणजे डावं-उजवं असली भानगडही मिटली. तरीही कुठे थोडा स्वच्छपणा शिल्लक राहिलाच, तर सेटिंगमध्ये जाऊन 'माइक बूस्ट' वीस डेसिबलने चढवा. वीस डेसिबल म्हणजे आणखी दहापट व्होल्टेज. नाव वाचूनच छाती फुगते.

पिन घेतानाही चोखंदळपणा नको. दोन काळ्या रेघांची साधी स्टिरिओ पिन त्या भोकात घातली की लॅपटॉपला वाटतं, हेडफोन लावले. मग तो रेकॉर्डिंगसाठी स्वतःच्या अंगातला माइक चालू ठेवतो. तुम्ही दोन तास जीव तोडून मिक्स मारता, आणि फायलीत येतो स्पीकरचा आवाज खोलीच्या भिंतींवर आपटून, सोबत पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि मातोश्रींचं "जेवून घे मग वाजव". असा मिक्स आल्यावर बरीच मंडळी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. तुम्हीही टाका. रेकॉर्डिंगच्या खिडकीत इनपुट कुठला निवडलाय, हे चुकूनही बघू नका.

काही पोरं मात्र बिघडलेली असतात. ती पैसे साठवून छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतात, रेक आऊटच्या लाल-पांढऱ्या पिना त्याच्या डाव्या-उजव्या लाइन इनपुटला लावतात आणि मोकळी होतात. अशा मित्राला मदत करायची संधी सोडू नका. त्याला सांगा, दोन पिना कशाला, एक मोठी स्टिरिओ पिन घे आणि एकाच इनपुटमध्ये घाल. ते इनपुट बॅलन्स्ड मोनो, म्हणजे दोन तारांतून एकच आवाज घेणारं असलं, तर एका बाजूतून दुसरी बाजू वजा करतं, आणि दोन्हींकडे सारखं असलेलं सगळं गायब होतं. गाण्यात मधोमध काय असतं? गायक आणि किक, म्हणजे ढोलाचा मुख्य ठोका. बाकी मागे गुहेतल्यासारखं काहीतरी घुमत राहतं. पोरगं आठवडाभर गायक शोधत बसेल.

आता लेव्हल. मीटरवर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग असतात. हिरवा भजनी मंडळासाठी, पिवळा लग्नाच्या बँडसाठी आणि लाल तुमच्यासाठी. चॅनेलचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायची नॉब, लालमध्ये, मास्टर लालमध्ये, सॉफ्टवेअरचं इनपुटही लालमध्ये, म्हणजे तीन ठिकाणी फाटून कुठल्या ठिकाणी फाटलं हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. संगणकाच्या आवाजाला शून्य डेसिबलचं छप्पर असतं. सोळा बिटच्या फायलीत 32767 च्या वर आकडाच नाही. त्याच्या वर गेलेली प्रत्येक लाट वरून सपाट कापली जाते, आणि मागाहून आवाज कमी केला तर ती कापलेलीच राहते, फक्त बारीक आवाजात. तासाभराचा मिक्स दोन मिनिटांत कायमचा नासवायची इतकी खात्रीची युक्ती दुसरी नाही. कुणी शहाणा सांगेल, गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग, म्हणजे ड्रॉप, लावून बघ, तो उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेव, चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड कर आणि आवाज शेवटी वाढव. त्याला विचारा, तू कुठल्या मंडळाला वाजवतोस? गप्प बसेल.

आपल्या शेजारी, मिरजेत, सतार आणि तानपुरे करणारी घराणी आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. तिथला कारागीर एका तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, लावताना तारा टेकतात ती घोडी घासतो, तारेखाली दोरा केसभर सरकवतो, ऐकतो, परत सरकवतो. आवाज उघडेपर्यंत उठत नाही. त्याच्याकडे लाल दिवा नाही ना, म्हणून एवढा वेळ लागतो. तो तानपुरा तुमच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा योग आलाच, तर विंडोजमधलं 'नॉइज सप्रेशन' चालू ठेवा. हे यंत्र मीटिंगमधल्या बोलण्यासाठी केलेलं आहे. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं त्याला शिकवलेलं असतं. तानपुरा ते पुसून टाकतं. तुमच्या मिक्समधल्या लांबलेल्या सिंथचं आणि हाय-हॅटच्या सळसळीचंही तेच करतं. 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' अशी पाटी असलेलं सगळं चालू हवं. बंद करायला दोन क्लिक लागतात आणि तेवढा वेळ आपल्याकडे कुठाय?

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर आनंद माना, तुमचं अर्थिंग दोन वाटांनी फिरतंय. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून तो घुमारा पन्नास-शंभर हर्ट्झवर बसतो, नेमका तुमच्या बेसच्या मांडीला मांडी लावून. लोकांना म्हणा, सब-बेस आहे. चार्जर काढला की तो थांबतो, म्हणून चार्जर काढूच नका. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावू नका, आणि दुकानात अर्थिंगचा हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो हे ऐकलं नाही असं दाखवा. एवढ्या एकाच ठिकाणी थट्टा बाजूला ठेवतो: घुमारा घालवायला थ्री-पिनची अर्थची पिन कापू नका. ती जीव वाचवायला असते.

मध्येच टक-टक येत असेल, तर बफर, म्हणजे संगणक आवाज थोडा साठवून घेतो ती जागा, सगळ्यात लहान ठेवलाय, छान केलंत. नुसत्या रेकॉर्डिंगला मोठा बफर चालतो, पण ते सांगणार कोण? सोबत वायफाय, अँटिव्हायरस आणि ब्राउझरच्या पंचवीस खिडक्या असू द्या.

गाणी कुठून आणायची हा प्रश्न तुम्ही आधीच सोडवलाय. कुणीतरी व्हिडिओवरून ओढलेलं, दुसऱ्याने 'हाय बेस' करून चढवलेलं, तिसऱ्याने स्वतःच्या नावाची आरोळी घालून परत एमपीथ्री केलेलं. त्यावर तुमची आरोळी, मग मिक्स पुन्हा 128 केबीपीएसवर. एमपीथ्री दरवेळी थोडं टाकून देते, आणि टाकलेलं परत येत नाही. 44.1 किलोहर्ट्झ, सोळा बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला दहा एमबी खाते, तासाला सहाशे. एवढी जागा मिक्सला दिली तर रील्स कुठे ठेवणार? शेवटी फाइल ग्रुपवर टाकताना 'डॉक्युमेंट' म्हणून टाकू नका, तशी टाकली तर ती आहे तशीच पोचते. त्यापेक्षा स्पीकरसमोर मोबाइल धरा आणि व्हिडिओ करून पाठवा.

एक धोका सांगून ठेवतो. डीजेच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डचं बटण असतं. आवाज आतल्या आत फायलीत जातो, वायर नाही, पिन नाही, घुमारा नाही. वरचं निम्मं मार्गदर्शन त्या एका बटणाने वाया जातं. चुकून दाबलं गेलंच, तर निदान सॉफ्टवेअरचा मास्टर लालमध्ये ठेवा.

एवढं करून तासगाव, पलूस, विट्याहून "भावा नाद खुळा" असा मेसेज आला की मिक्स जमला. तक्रार आलीच तर लॅपटॉपवर ढकला, मग केबलवर, मग केबल विकणाऱ्यावर, आणि उरलंसुरलं ऐकणाऱ्याच्या इअरफोनवर.

आणि रात्री दहानंतर टेस्टिंग करताना खाली पोलिसांची गाडी थांबली, तर घाबरायचं कारण नाही. ध्वनी प्रदूषण नियम 2000 चे आहेत, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. साहेबांना वर बोलवा, चहा सांगा आणि स्क्रीनवरचा लाल मीटर दाखवा: "साहेब, बघा की, आमचा शून्यावर आहे."