गव्हाचा नाश्ता

म्युनिकला भाच्याकडे उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी, सकाळी साडेदहाला, तो मला बिअर प्यायला घेऊन गेला. "मामा, हा इथला नाश्ता आहे." बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या प्रांतात, पांढरी सॉसेजेस दुपारी बाराची घंटा व्हायच्या आत संपवायची, ही फ्रीज नव्हते तेव्हापासूनची रीत. सोबत गोड मोहरी, ब्रेत्झेल नावाचा पिळाचा पाव आणि गव्हाची बिअर, म्हणजे वाइसबिअर. आमच्या घरी साडेदहाला फार तर दुसरा चहा होतो, तोही आईचा चेहरा बघून.

समोर आली ती फुलदाणीच. अर्ध्या लिटरची, उंच, कमरेत बारीक. शेजारी बाटली.

"तूच ओत. ग्लास तिरका धर, कडेनं सोड, घाई नको."

मी पातेल्यातून दूध ओतावं तसं ओतलं. तळाशी चार बोटं बिअर आणि वर वीतभर फेस, तोही चढणारा. उतू जाणारं काहीही दिसलं की माझ्या हातून एकच गोष्ट होते. मी जोरात फुंकर मारली. शेजारच्या आजोबांच्या बाहीवर फेसाचा गोळा बसला. त्यांनी आधी बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नुसतं "प्रोस्ट!" म्हणाले.

बाटलीत थोडी उरली होती. ती गोल हलवून, तळाचं यीस्ट ढवळून, गाळासकट ओतायची. आयुष्यभर चहाचा चोथा कपाच्या तळाशी सोडत आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा! मग ग्लासांचे जाड बुडखे एकमेकांना टेकवायचे, तेही डोळ्याला डोळा भिडवून. मी बुडख्याकडे बघत राहिलो. फुटला असता तर?

पहिला घोट. भाचा टक लावून बसलेला.

"केळं लागलं?"

"कुठे?"

"जिभेवर. मागून लवंग येईल."

यात केळंही नसतं, लवंगही नाही, दोन्ही वास यीस्ट तयार करतं म्हणे. मला आंबटसर, गारेगार, बरं काहीतरी लागत होतं, पण परीक्षेत नापास व्हायची माझी तयारी नव्हती. "केळं आहे," म्हणालो. तिसऱ्या घोटाला ते खरंच आलं. माझाच विश्वास बसेना.

मग त्याने इतिहास काढला. १५१६ च्या बव्हेरियन कायद्यात बिअरला जव, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं) आणि पाणी एवढंच चालत होतं. गहू पावासाठी राखायचा, असं एक कारण सांगतात. राजघराण्याने मात्र गव्हाच्या बिअरचा मक्ता पुढे स्वतःकडे घेतला आणि रग्गड कमावलं. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर या बिअरवाल्याने ती गाळायचा हक्क मिळवला. कायदा सगळ्यांना, सूट राजाला. एवढं कळायला जर्मन यावं लागत नाही.

ग्लास तळाला आला आणि पुण्याहून आईचा फोन.

"नाश्त्याला काय खाल्लंस रे?"

आईशी खोटं बोलवत नाही. "गव्हाचं होतं. केळ्याचा वास, जराशी लवंग."

"अगं बाई, म्हणजे प्रसादाचा शिरा! कुणाकडे सत्यनारायण होता?"

"शेजारी एक आजोबा होते," मी म्हणालो.

"किती घेतलास?"

"अर्धा लिटर."