गौरीला काय चालतं?

मुलांच्या संस्कारवर्गाला गेलं तर शेवटच्या रांगेत बसावं, हे मला काल कळलं. मी पहिल्या रांगेत होतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये शाकाहारावर व्याख्यान होतं. पाहुण्या काकांनी विचारलं, "मुलांनो, तुमच्या घरी प्राण्यांना कोण खातं?" बाकीच्यांची पोरं शहाणी, गप्प बसली. आमच्या कन्येने उभं राहून माझ्याकडे बोट दाखवलं. वर वेळापत्रकही सांगितलं, "बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी संकष्टी आली की बाबा चिडचिड करतो."

टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थही होते, ज्यांच्याकडचे तळलेले बोंबील दर शुक्रवारी आमच्या खिडकीतून घरात येतात.

मग काका प्रतिज्ञापत्र घेऊन थेट माझ्याकडे.

"सोमवारी?"

"शंकराचा. नाही खात."

"मंगळवारी?"

"गणपतीचा. गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. शिवाय अख्खा श्रावण."

"मग उरलेल्या तीन दिवसांनी काय अडतं?"

"ते तीन आहेत म्हणून चार निभतात."

त्यांना हे पटलं नाही. "मला सांगा, देवाला मांस चालतं का?"

"आमच्या सासुरवाडीच्या गौरीला चालतं. कोकणात बऱ्याच घरी तिला तिखटाचा नैवेद्य असतो. कोंबडी-वडे."

काका विचारात पडले. मग अगदी मायेने म्हणाले, "ती गौर नसेल."

"मग कोण आहे?"

"दुसरी कुणीतरी असेल. नीट चौकशी करा."

आता सासूबाई वर्षानुवर्षं जिला वाजतगाजत घरी आणतात, तिचं आधारकार्ड मागायचं? आणि ते कोणी, जावयाने?

स्वतःहून सोडणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या चुलत्यांनी तुळशीची माळ घातली, वारीला जायला लागले, मटण सुटलं. त्यांचं भांडं वेगळं झालं, पंगत नाही. आमच्या ताटाकडे बघून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही की पोरांना आमच्यावर सोडलं नाही.

इथे मात्र ज्यांना घरी सगळं मिळतं, त्यांच्या पोरांना काय सोडायचं ते शिकवायला वर्ग. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे बंद. हवं तर लोकवर्गणी काढा म्हणे. ज्या पोराच्या घरी बुधवार आणि रविवार सारखेच, त्याचं तेवढं एक अंडं गेलं. तेव्हा आमच्या हॉलमध्ये व्याख्यान नव्हतं, हळदीकुंकू होतं.

प्रतिज्ञापत्र सध्या फ्रिजवर चिकटवलंय. पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. सकाळी कन्या पेन घेऊन आली.

"बाबा, आज सोमवार आहे. आज सही केलीस तर खोटं होणार नाही."