कारवान मठ्ठ नाही

कारवान हा आपला देशी शिकारी कुत्रा लॅब्रॅडॉरच्या तोडीचा हुशार आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की कारवान हाकेला येत नाही, पाहुण्यांना अंगाला हात लावू देत नाही. कुत्र्यांच्या जातींच्या बुद्धिमत्तेच्या यादीत लॅब्रॅडॉर ७ वा आणि कारवानसारखाच नजरेवर शिकार करणारा अफगाण हाउंड पार तळाला. तरी मी कारवानला लॅब्रॅडॉरच्या पंगतीला बसवलं, ते निव्वळ देशी अभिमानापोटी.

ती यादी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांची, १९९४ची. तिच्यात कारवान नाहीच. शिवाय क्रम लावला तो आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांना विचारून. नवा हुकूम किती वेळा सांगितल्यावर कळतो आणि पहिल्या हाकेला किती वेळा पाळला जातो, एवढंच त्यात आलं. उपजत बुद्धी वेगळी, आपली आपण वाट काढण्याची बुद्धी वेगळी, हे खुद्द कोरेनच सांगतात.

आणखी एक. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्यांची खायची हाव जास्त असते, आणि अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये त्यांचं प्रमाण कितीतरी अधिक होतं. बिस्किटासाठी जीव टाकणारा कुत्रा लवकर शिकणारच. त्यात लॅबला कमीपणा नाही.

आमची कारवान कुत्री राणी बिस्किटाला भुलत नाही. चेंडू एकदा आणून देते. दुसऱ्यांदा फेकला की माझ्याकडे बघत बसून राहते. पण गेल्या उन्हाळ्यात रानात ससा उठला, तेव्हा ती त्याच्या मागे धावली नाही. तो बांधाकडे वळणार हे हेरून तिरकी सुटली आणि बांधाशी त्याच्या आधी पोचली. ससा बोराटीत शिरून वाचला, बरं झालं. मी घसा फुटेस्तोवर हाका मारत होतो, तिने कान हलवला नाही. वाऱ्यासारखं पळणारं जनावर गाठायचं तर मालकाकडे वळून बघायला सवड कुठली? बंदुकीने पाडलेलं पाखरू आणून देणाऱ्या लॅबला मात्र मालकाच्या हाताकडेच बघावं लागतं.

हाकेचं आणि पाहुण्यांचं तुमचं बरोबर आहे. कारवान परक्या माणसाला लवकर जवळ करत नाही. घरात सतत येणंजाणं असेल, लहान मुलं असतील, तर लॅबच घ्यावा. हे लेखात यायला हवं होतं, आज घालतो. तुमच्या कारवानच्या पिल्लाला मोकळ्या रस्त्यावर साखळीशिवाय सोडू नका, आणि पाहुणे आले की त्याला त्याच्या कोपऱ्यात राहू द्या. वास घ्यायला ते आपणहून येईल.