मॅड काऊ, दूध आणि उकळण्याचा सल्ला : खुलासा

ऐरोली-घणसोलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘तबेल्यांत मॅड काऊचा व्हायरस आलाय, एका म्हशीकडून दुसरीला लागतो; दूध वीस मिनिटं उकळा, व्हायरस मरेल.’

मुळात हा व्हायरसच नाही. हा मेंदूचा रोग प्रायॉन नावाच्या प्रथिनामुळे होतो. हे प्रथिन निरोगी जनावराच्या मेंदूतही असतं. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच वाकडी घडी पाडतं. हे वर्षानुवर्षं साचतं, मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. गाईत लक्षणं दिसायला साधारण चार-पाच वर्षं जातात. आणि उकळल्याने हे प्रथिन नष्ट होत नाही, त्यामुळे तो सल्ला निव्वळ खोटा दिलासा आहे.

ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेलेला हा रोग गोठ्यात शेजारी बांधल्याने पसरला नव्हता. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्या खाद्यात घातली जात होती, त्यातून तो पसरला. रवंथ करणाऱ्या जनावराला मांस खाऊ घालायचं, हे मला आजही अक्षम्य वाटतं. १९८८मध्ये तिथे बंदी आली, तरी आधी लागण झालेल्या गाई पुढे कित्येक वर्षं आजारी पडत राहिल्या. मेंढ्यांतला स्क्रेपी हा असाच प्रायॉनचा रोग मात्र कळपात पसरतो. गोंधळ कदाचित तिथला असावा.

माणसांना लागण झाली ती बाधित गोमांसातून. दुधातून झाल्याचा पुरावा नाही. जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत भारत नगण्य जोखमीच्या देशांत आहे. दूध जरूर उकळा, पण ते क्षय, ब्रुसेलोसिसच्या जंतूंसाठी. तबेलेवाल्याचा रतीब बंद करायचं काहीच कारण नाही.